चीक झाला गं!

लोकांना प्रेरणा देणं ही माझी नोकरी आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात ‘कामामागची प्रेरणा’ हा तास माझ्याकडे असतो. तुळजापूर, कळंब, भूम, जिथं बोलावतील तिथं जातो आणि पडद्यावर एक त्रिकोण दाखवतो. तळाला भाकरी, शेंड्याला मानसन्मान. समोरची मंडळी माना डोलावतात. त्यांची प्रेरणा तासानंतरचा चहा आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आणि अशा या माणसाला परंड्यातल्या स्वतःच्या घरात आईला खाटेवरून उठवता येत नव्हतं.

आई न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, बार्शीला ऑपरेशन झालं, हाड झकास जुळलंही. डॉक्टर म्हणाले, “आता चालल्या तर चालल्या, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील.” मी वॉकर आणला. आईनं त्यावर टॉवेल वाळत घातला.

“मला उठवू नको,” एवढंच तिचं म्हणणं. “माझं झालं आता.”

मी माझी सगळी विद्या लावली. म्हटलं, “आई, ध्येय छोटं ठेवायचं. आज फक्त दारापर्यंत.”

“दारात काय ठेवलंय?”

“बरी झालीस की येडेश्वरीला जाऊ.”

“देवी मला हितनंबी बघतीया.”

मग चिडलो, अबोला धरला. तिला अबोला आवडला, कारण निवांत झोप मिळाली. मी बाहेर हसून सांगायचो हे सगळं. पण रात्रंदिवस मनात भीती होती. आई आता उठायचीच नाही, असं वाटायला लागलं होतं.

उन्हाळा आला तशा गल्लीतल्या कुरडया सुरू झाल्या. आमच्याकडे त्या सावडीनं होतात. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या, आणि राबायला सगळ्याच. गव्हाचा चीक पातेल्यात शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा. कच्चा उतरवला तर कुरडई वाळली की तुटते, म्हणून ‘झाला’ कधी म्हणायचं यालाच खरं महत्त्व. आमच्या गल्लीत तो शब्द आई उच्चारायची. दुसऱ्या कुणी उच्चारला तर शेजारच्या काकूंनी. मग वर्षभर दोघी त्यावरून भांडायच्या.

आमच्या घरच्या कुरडयांचा दिवस आला. बायका शेगडी, पातेलं, चिकाची बादली घेऊन अंगणातल्या जिन्यानं गच्चीवर गेल्या. आईची खाट त्याच जिन्याजवळच्या खिडकीशी. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळानं वरून काकूंचा आवाज आला, “चीक झाला गं! उतरा पातेलं!”

आईनं कूस बदलली. “एवढ्यात?”

“मस्त झालाय! ह्या वर्षी कुणाची कटकट न्हाय, लई बरं वाटतंय!”

“आंधळी झाली का ही?” आई उठून बसली. “आरं, वर जाऊन सांग त्या बाईला. आजून घोटा म्हणावं.”

मी जिन्याकडे वळलो तोच वरून आलं, “मीठबी लागत न्हाय चिकाला. उगं बोलायची रीत हाय ती!”

“त्यो टावेल काढ,” आई म्हणाली.

वॉकर जिन्याच्या पायथ्याशी राहिला. एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर, आणि प्रत्येक पायरीला काकूंच्या माहेराचा उद्धार. मी मधेच म्हणालो, “आई, जरा दम खा.” ती म्हणाली, “तिकडं चीक नासतोय आन् म्या दम खाऊ?” माझ्या खांद्यात तिची बोटं रुतली होती. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आम्ही गच्चीवर पोचलो. आईनं कुणाकडे पाहिलं नाही. थेट पातेल्याशी गेली, झाकण उचललं आणि चीक चिकटतो का ते बघायला ओलं बोट पुढे केलं.

पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं. चिकाची बादली कोपऱ्यात, फडक्यानं झाकलेली, जशीच्या तशी.

आईनं बादलीकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू लगबगीनं पदर सारखा करायला लागल्या. मला हसू आवरत नव्हतं. आता रडारड होणार, गळामिठी होणार, असं वाटून मी एका बाजूला झालो.

“पाण्यात मीठ घातलंय का,” आई म्हणाली, “का तेबी म्याच घालू?”

“तुझ्याबिगर कोण घालणार?” काकू म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली. आईनं खुर्चीत बसूनच चीक घोटून घेतला, सगळ्यांना बोलली, आणि शेवटची कुरडई पडेपर्यंत खाली यायचं नाव घेतलं नाही.

संध्याकाळी तिला खाटेवर निजवलं. पाय ठणकत होता, चेहरा उन्हानं लाल झाला होता. मी दिवा घालवायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “उद्या तिच्या घरच्या कुरडया हायत. एकटी नासवून ठेवंल सगळा चीक.”

“मग?”

“मग काय? सकाळी लवकर उठव मला.”