सईला माझा हात लागला

फवारा थेट डोळ्यांत बसला.

क्षणभर काहीच कळलं नाही. मग डोळे पेटले. मी ट्रॅकवर गुडघ्यांवर पडले. ओरडायला तोंड उघडलं, तर दुसरा फवारा तोंडात. जहर कडू. घसा जळत गेला. मागून कुणीतरी माझे दोन्ही दंड धरून ठेवले होते.

"हलू नकोस, व्हेरिएंट," लॉटे म्हणाली. "अजून मागची बाजू राहिलीय."

पोरी हसल्या. लॉटेनं माझी वेणी उचलली, मानेवर फवारलं. टीशर्टची कॉलर ओढून आत फवारलं.

करोनाचं दुसरं वर्ष. मी पंधरा वर्षांची. ब्रेडा या डच शहराच्या कडेला एक सरकारी शाळा, तिथे मी खेळाच्या वर्गात होते. शाळेत अर्धी मुलं घरी, अर्धी वर्गात. पण उघड्या मैदानावर पळायची आम्हाला परवानगी होती. अट एकच, हात लागलेली प्रत्येक वस्तू जंतुनाशकानं पुसायची. अडथळे, स्टार्टिंग ब्लॉक, रिलेची बॅटन. त्या दिवशी वस्तूंत मला धरलं.

आमचे ट्रेनर मेनीर ब्राम. मेनीर म्हणजे सर. वीसेक पावलांवर स्टॉपवॉच घेऊन उभे होते. त्यांनी पाहिलं. पाहिलं हे मला माहीत आहे, कारण त्यांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "मुलींनो, वेळ जातोय."

एवढंच.

भारतात विषाणूचा नवा प्रकार, नवा व्हेरिएंट सापडल्याची बातमी इथे आली आणि त्याच आठवड्यात माझं नाव व्हेरिएंट पडलं. त्याच आठवड्यात नांदेडला माझे मोठे काका गेले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. बेड मिळालाच नाही. बाबांनी सख्ख्या भावाची चिता फोनवर पाहिली. भाऊ म्हणून ओळखावं असं त्यात काही नव्हतं, प्लास्टिकचं एक गाठोडं होतं. मी दोन दिवस शाळेत गेले नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "जा, पळून ये. मोकळं वाटेल."

गेले. आणि लॉटेनं ठरवून टाकलं की मी दोन दिवस आजारी होते.

माझ्या बाटलीतलं सगळं पाणी मी डोळ्यांवर ओतलं. समोरचं सगळं लाल आणि धुरकट दिसत होतं. तरी लेनमध्ये जाऊन उभी राहिले. का? चार बाय शंभर रिलेच्या संघात माझी जागा होती आणि ती मला कुणी दिली नव्हती. मी पळून घेतली होती.

तिसरा टप्पा माझा. चौथा सईचा.

सई पुण्याची. म्हणजे तिचे आईवडील पुण्याचे, ती जन्मली इथेच. मराठी सगळं कळायचं, उत्तर डचमध्ये द्यायची. तिचे बाबा माझ्या बाबांचे साहेब. आम्ही नवीन आलो तेव्हा तिची आई एकदा आमच्या घरी आली होती. आईनं पोहे केले, चहा टाकला. बाईंनी भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "आज माझा उपास आहे." चहा तसाच ठेवून गेल्या. त्यानंतर त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला ब्रेडातल्या सगळ्या मराठी बायका जायच्या. माझी आई सोडून.

सईला हे माहीत होतं. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

शिट्टी वाजली. लॉटे पळाली, दुसरीनं घेतलं, बॅटन माझ्या हातात आली. मी वळणावरून सुसाट निघाले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. सई पुढे पळायला लागली. "हँड!" मी ओरडले. तिनं हात मागे केला.

मूठ मिटलेली.

बॅटन तिच्या मुठीवर आपटली आणि खाली पडली. ब्राम माझ्यावर ओरडले, "नीट दे!"

पुन्हा पळालो. पुन्हा मूठ. या वेळी ब्रामनं येऊन माझ्या खांद्याला धक्का मारला. "झोप आलीय का तुला?"

लॉटे कमरेवर हात ठेवून आली. सईकडे बघून म्हणाली, "घाबरतेस का? तूपण तर भारतीयच ना?"

सईचा चेहरा पांढरा पडला. मी तो पाहिला. फवाऱ्याची बाटली अजून लॉटेच्या हातात होती. सईनं त्या बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वच्छ डचमध्ये म्हणाली, "मी तसली नाही. भारतातसुद्धा आमच्यासारखे लोक त्यांच्या हातून काही घेत नाहीत. करोनाच्या आधीपासून."

कुणाला नीट कळलं नाही. पण हसल्या सगळ्या.

मला कळलं.

बॅटन माझ्या हातात होती. ॲल्युमिनियमची नळी. त्या नळीनं मारता आलं असतं. मी ती खाली टाकली. सईला माझा हात लागायला हवा होता. नुसता हात.

पहिली थप्पड गालावर बसली. दुसरा ठोसा तोंडावर. माझी बोटं तिच्या दातांना लागून फाटली. ती पडली, मी तिच्या छातीवर बसले आणि मारत राहिले. प्रत्येक ठोशाला मराठीत म्हणत होते, "घे. घे. घे ना आता." तिच्या नाकातलं रक्त माझ्या हाताला, माझ्या बोटांतलं रक्त तिच्या गालाला. कुणाचं कुठलं ते सांगता आलं नसतं.

लॉटेनं माझ्या पोटरीवर पाय दिला. स्पाइक्सचे बूट. खिळे आत गेले, तिनं पाय फिरवला. मी किंचाळले, पण सईला सोडलं नाही. शेवटी ब्रामनं वेणी धरून मला मागे ओढलं. मघाशी वीस पावलं दूर होते. आता एका उडीत आले.

सईचा पुढचा एक दात पडला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. खिडक्या उघड्या, खुर्च्या दीड दीड मीटरवर, सगळ्यांना मास्क. सईचे आईबाबा, माझे बाबा, मी. सई नव्हती. लॉटेला बोलावलंच नव्हतं.

सईचे बाबा माझ्या बाबांशी मराठीत बोलले, बाईंना कळू नये म्हणून. "हे बघा, पोरींचं भांडण आहे. जातीबितीचं इथं काढू नका. तिला सॉरी म्हणायला लावा, मग ऑफिसात काही होणार नाही हे मी बघतो."

बाबांचा इथे राहण्याचा परवाना नोकरीवर होता. नोकरी या माणसाच्या शब्दावर. बाबा उभे राहिले. ओठांवरचा मास्क हलला. चार दिवसांपूर्वी भाऊ जळताना पाहिलेला माणूस माझ्यासाठी माफी मागायला तोंड उघडत होता.

"बाबा, नाही," मी म्हणाले.

मग मी डचमध्ये सगळं सांगितलं. फवारा. मूठ. सईचं वाक्य, जसंच्या तसं. त्या वाक्याचा अर्थ. आमच्या आजोबांच्या ओंजळीत गावातले लोक पाणी कसं वरून ओतायचे तेही. सईचे बाबा आता काय म्हणाले तेही. त्यांची मान खाली गेली. सईच्या आईची गेली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

विभागप्रमुख बाईंनी पेन ठेवलं. "फार वाईट आहे हे," त्या म्हणाल्या. "पण हा तुमचा आपसातला विषय दिसतो."

मला तीन दिवस शाळाबंदी. संघातून नाव कायमचं काढलं. शाळेच्या अहवालात लिहिलं, दोन भारतीय मुलींमधला वाद. त्या कागदात लॉटे नव्हती. ब्राम नव्हते. फवारा नव्हता. माझ्या पोटरीतली भोकं नव्हती.

ती भोकं आईनं धुतली. धुताना एकदाच म्हणाली, "चहा तसाच ठेवून गेली होती ती बाई."

पुढे बाबांचा करार वाढवला गेला नाही. महिनोन् महिने त्यांनी नोकरी शोधली. टिलबर्गला एका गोदामाच्या कचेरीत मिळाली, पहिल्यापेक्षा खालची. त्या काळात ते माझ्याशी धड बोलत नव्हते. एकदा ताट सरकवून म्हणाले, "एक सॉरी म्हणायला तुझं काय गेलं असतं?" मी ताट उचललं. त्यांना दोष देत नाही. पण माझं उत्तर आजही त्या दिवशीचंच आहे, "बाबा, नाही."

आता मी टिलबर्गला विद्यापीठात शिकते. गेल्या वर्षी सईचा मेसेज आला, इंग्रजीत. आपण लहान होतो, आता विसरून जाऊ या. मी लिहिलं, "त्या दिवशी तू जे म्हणालीस ते स्वतःच्या हातानं लिहून पाठव. मग बोलू." तिनं वाचलं. लिहिलं नाही.

म्हणून मी लिहितेय. आणि मराठीत लिहितेय, सईच्या आईला वाचता यावं म्हणून.

एका मुलीचा दात पाडला याचा मला अभिमान नाही. तिच्या रक्ताची चिकट ऊब मला अजून आठवते. पण माफी मी मागितली नाही, मागणार नाही. आधी शाळेनं तो कागद बदलावा. त्यासाठी मी चार अर्ज केले. दोनांची पोच आली, दोनांचं काहीच नाही. पाचवा सोमवारी जातोय. त्यात लॉटेचं नाव आहे, मेनीर ब्रामचं आहे, सईचं आहे, ठोसा मारणारी म्हणून माझंही आहे. याचंही उत्तर आलं नाही, तर सहावा घेऊन मी स्वतः जाईन आणि त्या कचेरीत त्यांना तो मोठ्यानं वाचून दाखवीन.