बांबूच्या नळीतला हुकूम

ये पोरी, अशी जवळ सरक. बँकेतल्या बाबूनं 'उद्या या' म्हटलं आणि तू मुकाट्यानं परत आलीस? आमच्या नणंदबाई असत्या तर तुला जेवायला वाढलं नसतं. अख्ख्या चांदा जिल्ह्यात वाघ एक वेळ वाट सोडेल, बाई सोडायच्या नाहीत.

त्यांना अक्षर येत नव्हतं. पण धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या दिराचं, तापानं डोकं लहान लेकरासारखं झालं, तेव्हा कोर्टानं पालक म्हणून बाईंनाच नेमलं. तो हुकूम बांबूच्या नळीत घालून त्या कमरेला खोवून फिरत आणि भेटेल त्याच्याकडून वाचून घेत. गोंडपिपरीच्या मोटारीत कंडक्टरनं आधी हुकूम वाचायचा, मग तिकीट फाडायचं. ऐकून ऐकून सगळा पाठ झालेला. कुणाचा एक शब्द गळला की पुन्हा पहिल्यापासून.

दिराच्या वाट्याचं शेत विकून आलेले पैसे चांद्याच्या बँकेत होते आणि पासबुक चुलतभावाच्या पेटीत. तो म्हणे, "पैसे संपले. आता याले नागपूरच्या पागलखान्यात टाका." बाई, दीर आणि मी, आम्ही तिघं खात्याचा उतारा मागायला गेलो.

बँकेचे साहेब म्हणाले, "खातेदाराची सही आणा."

"त्याले सही येत असती तं कोर्टानं मले काऊन नेमलं असतं?"

"उद्या या."

बाईंनी बँकेच्या ओसरीवरच तीन दगड मांडले आणि भात चढवला. दीर चिमण्यांना कण्या टाकत बसला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी धुरानं खोकत हुकूम मागितला, भराभरा वाचला आणि घडी घातली. "यात खातं दाखवा असं लिहिलं नाही, बाई."

"एक ओळ खाल्ली तुम्ही, साहेब," बाई म्हणाल्या. "'सदर पालकास खात्याचे सर्व कागद पाहण्याचा अधिकार राहील.' शिक्क्याच्या वर पाहा."

साहेबांनी पाहिलं आणि वही उघडली. पैसे काढल्याच्या चिठ्ठ्यांवर दिराच्या नावानं वळणदार सह्या होत्या. बाईंनी भावाच्या हाती टाक दिला. त्यानं तो कानामागं खोवला आणि साहेबांना विचारलं, "तुले भात पायजे का?"

साहेबांनी त्याच दुपारी चुलतभावाची खात्यावरची ये-जा बंद केली. उरलेल्या पैशांवर दीर शेवटपर्यंत घरीच राहिला, चिमण्यांसोबत.

तो गेल्यावर हुकमाचं काही काम उरलं नव्हतं. तरी बाई मला नळी देऊन म्हणायच्या, "वाच." एकदा माझ्याकडून नेमकी तीच ओळ गळली. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं नाही. उठून अंगणातल्या चिमण्यांना कण्या टाकत बसल्या.

ती नळी आता माझ्याजवळ आहे. तू उद्या जा, उतारा घेतल्याशिवाय उठू नको. आणि मग ये माझ्याकडे, सवडीनं. मले आता बारीक अक्षर दिसत नाई. हुकूम वाचून दाखवायला कोणी पायजे.