मी झटके लपवले

"ही एपिलेप्सी आहे, म्हणजे फिट्स," न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या. "मेंदूतल्या विजेचा गोंधळ होतो आणि काही क्षण माणूस भानावर नसतो. यात तुमचा काही दोष नाही."

मला केवढं हायसं वाटलं! त्या हायसं वाटण्याची आजही लाज वाटते.

चार दिवसांपूर्वी चाकणच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवताना पाच-सहा सेकंद माझं भान गेलं होतं. समोर दत्ताभाऊ होता, माझ्याच शिफ्टचा. त्याचा उजवा पाय गाडी आणि रॅकच्या मध्ये चिरडला.

"याआधी कधी असं झालं होतं?" बाईंनी विचारलं.

बायको शेजारी बसली होती. मी म्हणालो, "नाही."

झालं होतं. तीनदा. आधी कुठं काही जळत नसताना जळक्या रबराचा वास यायचा, मग हातातलं काम तसंच राहायचं. गाडी चालवायचं काम हातातून जाईल म्हणून कुणाला बोललो नाही. कंपनीच्या मेडिकल फॉर्मवर 'फिट येते का?' यापुढे 'नाही' लिहिलं, तेव्हा मी पूर्ण भानावर होतो.

एमआरआय झाला. ईईजी झाला; त्यात डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरींचा आलेख काढतात. गोळ्या सुरू झाल्या.

तीन आठवड्यांनी धीर करून मोशीला दत्ताभाऊच्या घरी गेलो. हाड जुळावं म्हणून पायाला बाहेरून सळया लावलेल्या. तोच माझी समजूत काढायला लागला.

"देवाच्या मनात व्हतं, राव. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

मी देव मानत नाही. आपल्या चुका देवावर ढकलू नयेत, म्हणून चहाच्या सुट्टीत याच्याशीच किती वाद घातले होते! आता त्याचा देव मला सोडवत होता आणि मी मान हलवत होतो.

वहिनींनी चहा आणला. मी कप तसाच खाली ठेवला.

"भाऊ, मला माहीत होतं. आधी तीनदा झालं होतं. मी लपवलं."

त्यानं पायाच्या सळयांकडे पाहिलं.

"म्हंजे तू बोलला असतास, तर माझा पाय..."

भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जा तू आता."

दुसऱ्या दिवशी बाईंना आणि कंपनीत खरं सांगितलं. आता मी पॅकिंगला असतो. तुमच्यापैकी कुणाला असा वास आला, मधलेच काही क्षण हरवले, तर त्याच दिवशी सांगा. मला सांगता आलं असतं.

दत्ताभाऊ कुबडी घेऊन कामावर येतो. माझ्याशी बोलत नाही. त्या दिवशी त्यानं मला घरातून घालवलं, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. तोवर सगळे मला सांभाळूनच घेत होते.