मंगळवारी लातूरला जाणाऱ्या अक्का

माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, फोनवर बोलायला लागल्या की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वळवून बघायचं. "हळू बोललं की खोटं बोलल्यासारखं वाटतंय," असं त्यांचं म्हणणं. औशातल्या एकत्र घरात मी नवी सून म्हणून आले, तेव्हा त्या आवाजाची मला भीतीच वाटली होती. पुढं अक्का माहेरी उदगीरला गेल्या की घर रिकामं वाटायचं.

मग अक्का घरात असूनही तो आवाज बंद झाला. घडलं काहीच नव्हतं, आणि हेच कुणाला पटत नव्हतं. दोन्ही लेकी सुखात, भाऊजींचं आडतीचं दुकान नीट चाललेलं. फोन वाजला की अक्का त्याच्याकडं नुसत्या बघत बसायच्या. अंघोळ दुपारपर्यंत राहायची, कधी न चुकलेली इष्टलिंगाची पूजा चुकायला लागली. "हिला घरात काय कमी हाय?" भाऊजी मला विचारायचे. त्यांना खरंच कळत नव्हतं.

एकदा भाकरीचं पीठ मळता मळता अक्का म्हणाल्या, "मंगल, सकाळी जागच येऊ नये असं वाटायलंय." आवाज अगदी साधा होता. मी गॅस बंद केला आणि लगेच घरात सगळ्यांना सांगितलं.

लातूरच्या डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या आणि दर मंगळवारी समुपदेशक मॅडमकडं यायला लावलं. मॅडम वयानं अक्कांच्या लेकीएवढ्या. "ह्या पोरीला काय कळतंय," म्हणत अक्का पहिले काही मंगळवार गप्पच बसल्या. मी शेजारी असावं हा त्यांचाच हट्ट, म्हणून मीही आत असायची.

एका मंगळवारी मॅडमनी विचारलं, "आज सगळ्यात वाईट कधी वाटलं?"

"भाकर करपली तवा."

"तेव्हा मनात काय आलं?"

"आता माझ्यानं काहीच होत न्हाई."

"काहीच?" मॅडम एवढंच म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये अक्कांनी खिडकीची जागा धरली. मधेच म्हणाल्या, "काहीच कसं? एवढ्या गर्दीत बसमधी चढले की मी." मग पुढं, "भाकर करपली ते खरं हाय पण."

"हाव, ती करपली," मी म्हणाले. किती तरी दिवसांनी त्या हसल्या.

उपचार असाच चालायचा. मनात आलेला विचार बाहेर काढून समोर ठेवायचा आणि तो कितपत खरा आहे ते तपासायचं. भाऊजींना त्याचं नवल वाटायचं. "बोलायला लातूरला कशाला जायाचं? मी हाय की."

"तुम्ही ऐकत न्हाई, उत्तर देता," अक्का म्हणाल्या. भाऊजी जेवता जेवता थांबले. त्या दिवशी ते दुकानात उशिरा गेले.

अक्कांच्या बहिणीच्या लेकीचं डोहाळजेवण आलं. "मला बघून सगळ्यांची तोंडं उतरतील, मी रडंन, कुणी बोलायचं न्हाई," म्हणून अक्का जायला तयार नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, "जाऊन बघा. खरं निघालं तर मला येऊन सांगा."

अक्का गेल्या. तिथं त्या रडल्या. एकीनं "किती वाळलीस" म्हणून टोचलंही. पण पोटुशी पोरगी त्यांचा हात सोडायला तयार नव्हती. ओटी त्यांनीच भरावी म्हणून अडून बसली. मंगळवारी अक्कांनी मॅडमना हिशोबानं सांगितलं, "अर्धं खरं निघालं."

पुढं हळूहळू फोनवरचा आवाज परत आला. आमची बदली नांदेडला झाली, तेव्हा अक्का एकट्याच बसनं लातूरला जायला लागल्या होत्या, तेही महिन्यातून एखाद्या वेळी.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज खाली गेलेला. "परत तसंच व्हायलंय. मंगळवारची वेळ घेतलीय मी. तू पळत येऊ नको." मी तरी गेले. अक्का आतल्या खोलीत पडून होत्या, वेणी घातलेली नव्हती. मी जवळ बसले. पहिल्या खेपेला त्या सारख्या म्हणायच्या, "आता हे असंच राहणार." तेच ऐकायची मी मनाची तयारी करून आले होते.

त्यांनी माझा हात हातात घेतला. "आज लई वाईट हाय गं," त्या म्हणाल्या. "पण मी आजचंच सांगायले."