तारकामास्तर

श्रीदत्तचरणी मस्तक ठेवून, तारकामास्तरांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी ह्या ओळी लिहितो. त्यांच्यामागे श्राद्ध करणारे कोणी उरले नाही, म्हणून तो अधिकार मजसारख्या सहकाऱ्याकडे आला.

शाहूपुरीतील आमच्या शाळेत ते संस्कृत शिकवीत. ज्या शब्दाचा लेखी पुरावा नाही, केवळ अनुमानाने जो उभा केला आहे, त्याच्या डोक्याशी भाषाशास्त्रज्ञ एक तारका काढतात. मास्तरांच्या फळ्यावर ती रोज उगवे; नाव त्यावरूनच पडले.

त्यांना ध्यास होता एका क्रियापदाचा. आपल्या ‘पिबति’चा सख्खा भाऊ जुन्या आयरिश भाषेत ‘इबिद्’ झाला; आरंभीचा ‘प’ गळाला. आयरिश आणि वेल्श ज्या केल्टिक मूळभाषेतून निघाल्या, तिच्यात त्या ‘प’च्या जागी ओठांवर निदान एक फुंकर तरी उरली होती काय, हे ते शोधीत. म्हशी समोर पिळून धारोष्ण दूध देतात त्या दूधकट्ट्यावर भरला पेला हातात तसाच धरून ते हे समजावू लागले, तेव्हा गवळी म्हणाला, "मास्तर, ती माणसं कवाच पिऊन गेली. तुमचा फेस बसला की." मास्तर मनापासून हसले होते.

ते हसणे नृसिंहवाडीला संपले. त्यांचा एकुलता एक मुलगा संगमावर स्नानाला गेला. कपडे घाटावर राहिले. बुडताना कोणी पाहिले नाही, देह सापडला नाही. अशा वेळी बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या देठापानांचा देह रचून त्याला अग्नी द्यावा, असे शास्त्र सांगते. मुदत भरताच त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, विधीचा विषय काढला. मास्तर एवढेच म्हणाले, "पुरावा कुठं आहे?"

काकूंनी आवाज चढवला नाही. "कुणी न ऐकलेला शब्द तुम्ही उभा करताच ना? मग माझ्या लेकाला तेवढं पाणी प्यायला घाला की."

मास्तरांनी घातले नाही. काकू वाट पाहतच गेल्या.

त्यानंतर मात्र ते विधीला बसले. शाळा सांभाळून मी भिक्षुकीही करी, म्हणून मंत्र मी सांगत होतो. पळसाचा देह रचून झाला, तेव्हा त्यांनी ओल्या हळदीत बोट बुडवून त्याच्या मस्तकापाशी एक तारका काढली. हे कोणत्याही विधीत बसत नव्हते. मी थांबवले नाही. ओंजळीतले पाणी सोडून ते मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, तो हे प्यायला, असं कशावरून म्हणायचं?"

मी पुढचा मंत्र म्हणालो. क्रियापदाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. आज त्यांच्या नावे पाणी सोडले, तेव्हा त्यांचाच प्रश्न माझ्या ओंजळीत होता.

वाचकहो, श्रीगुरू आपले घर सांभाळोत. आपल्या घरातील कोणाच्याही नावापाशी तारका न लागो. नदीवर गेलेले प्रत्येक माणूस दिवेलागणीला घरी परत येवो.