वसुलीवाल्यांनी खाल्लेले पोहे

ओतूरच्या बाजारात वडिलांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, भाड्याच्या गाळ्यात. ते बुडालं. अकरा महिन्यांचं भाडं थकल्यावर वडिलांनी कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. वकील म्हणाले, निकाल लागेपर्यंत वसुलीला मनाई आहे, कुणी आलंच तर हा कागद दाखवा. वडिलांनी तो लॅमिनेट करून आणला. घरात तेवढीच एक चकचकीत वस्तू उरली होती.

त्या रविवारी मला बघायला शिनोलीहून पाहुणे येणार होते. दिवाळखोरीचं त्यांना सांगितलेलं नव्हतं. "ठरू दे, मग सांगू," आई म्हणाली. मला पटलं नव्हतं, पण एकोणतिसावं लागलेल्या मुलीला कोण विचारतं!

दहाच्या सुमाराला दारात पांढरी गाडी थांबली. इस्त्रीचे शर्ट घातलेली दोन माणसं उतरली. वडील पेढे आणायला गेले होते. आत्या वाटच बघत होती. तिनं दोघांना पाणी दिलं, नव्या चादरीवर बसवलं. मी डोक्यावर पदर घेऊन पोहे नेले आणि वाकून नमस्कारही केला. आजही आठवलं की कान तापतात. त्यांनी पोहे मुकाट खाल्ले. बशीत दाणा ठेवला नाही.

"विचारा पावणं, काय विचारायचं ते," आत्या म्हणाली.

त्यातला थोरला तोंड पुसत म्हणाला, "गाळ्याचं भाडं कवा देताय?"

तेवढ्यात वडील आले. त्यांनी धावत जाऊन कागद आणला. थोरल्यानं तो हातातसुद्धा घेतला नाही. "ह्यो कागद कोर्टात दाखवा. मालकानं आमाला पैसं आणाया धाडलंय."

आईनं हात जोडले. "आज पोरीला बघाया पावणं येनार हायेत, भाऊ. उद्या या, लई उपकार व्हतील."

तिथंच ती चुकली. "मंग बसतोच की," तो म्हणाला.

ते बसले आणि पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "हे कोण?"

"आमचे मेव्हणे," वडील म्हणाले.

"हां, पोरीचा मामा," थोरला म्हणाला आणि वडिलांकडे बघून हसला. वडीलही हसले. आयुष्यभर ताठ मानेनं जगलेला माणूस त्या माणसाची मर्जी राखायला हसला. ते मला सोसलं नाही. माझ्या जिभेला तसंही हाड नाही.

"मामा न्हाईत हे," मी म्हणाले. "वसुलीवाले हायेत. आमचं दिवाळं निघालंय."

पाहुणे भली माणसं. पाणी प्यायले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. त्यांनी कधीच कळवलं नाही.

थोरला चपला घालताना माझ्याकडे वळला. "पोरी, घाई केलीस. तुझ्या बानं मेव्हणा म्हटलं तवाच आमी उठनार व्हतो."

वडील मागेच उभे होते. तो खोटं बोलला, असले लोक कधी उठत नसतात, हे मी त्यांना त्यानंतर कितीदा तरी समजावलं. ते वाद घालत नाहीत. "असंल," एवढंच म्हणतात.