अजून माणसं जमली नाहीत

मामाजींइतकी दारूची स्तुती तिरोड्यात कोणी केली नसेल, आणि त्यांच्याइतके दारूपासून लांबही कोणी राहिले नसेल. ते जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर चौकीदार होते. सारे गाव त्यांना मामाजी म्हणे. नेमके कोणाचे मामा, हे कोणी विचारले नाही. फाटकापाशी स्टुलावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला इटलीतल्या द्राक्षांच्या वाइनची महती सांगत. डोंगराचा कोणता उतार चांगला, वेल कधी छाटायचा, रस लाकडी पिंपात किती महिने निजवायचा, सगळे तोंडपाठ. ऐकणारा शेवटी विचारी, "अन् चव कशी राह्यते, मामाजी?" मग ते जरा वेळ रस्त्यावरच्या गाडीबैलाकडे पाहत आणि म्हणत, "चव मी नाही घेतली बाप्पा. मी पाहून आलो."

खरोखर ते फक्त पाहूनच आले होते. दुसऱ्या महायुद्धात ते खेचरांच्या तुकडीत होते. इटलीच्या डोंगरात एका खेचराने लाथ मारून त्यांचा पाय मोडला, आणि तुकडी पुढे गेल्यावर दोन महिने ते पिएत्रो नावाच्या म्हाताऱ्या बागाईतदाराच्या घरी पडून होते. गोळीने जखमी झालो असे सांगणे सोपे होते, पण मामाजी लाथच सांगत. दुपारी त्या घरची सगळी माणसे एका लांब टेबलाभोवती जेवायला बसत. म्हातारा, सुना, नाती, गडी, आणि पाय बांधलेले मामाजी. सगळ्यांपुढे वाइन, मामाजींपुढे पाणी. दारूला शिवणार नाही असे ते आईला सांगून निघाले होते. म्हाताऱ्याने याचा राग मानला नाही. निघताना मात्र त्याने एक बाटली त्यांच्या पिशवीत घातली आणि खुणेने बजावले. ती खूण मामाजी नेहमी करून दाखवत. आधी एक बोट वर करून जोरात नकाराची मान हलवायची. मग दोन्ही हातांनी हवेत मोठे गोल काढायचे आणि घास घेतल्यासारखे करायचे. म्हणजे, एकट्याने नाही, माणसे जमवून, जेवणासोबत.

माझी त्यांची ओळख त्या म्हाताऱ्याच्या पत्रांमुळे झाली. मी शाळेत शिकवत असे आणि संध्याकाळी वाचनालय उघडत असे. पिएत्रोची नात तिकडच्या शाळेत इंग्रजी शिकत होती. आजोबांचे सांगणे ती शब्दकोश उघडून लिही, आणि मीही जवळजवळ तसेच वाची. पुढच्या पत्रांतून कळले की म्हाताऱ्याने उतारवयात एक भांडण अंगावर घेतले होते. व्यापारी लहान बागाईतदारांची द्राक्षे पाडून मागत, म्हणून तो घरोघर फिरून सगळ्यांनी मिळून वाइन मुरवायचे एकच तळघर काढावे आणि वाइनवर गावाचे नाव घालावे, असे सांगत होता. "बुढ्ढा ऐकून नाही रायला," मामाजी अभिमानाने म्हणत, जणू ती द्राक्षे तिरोड्याच्या बाजारातच उतरणार होती. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक प्रश्न असे: बाटली उघडली का, आणि कोणाकोणासोबत? मामाजी टोपी काढून डोके खाजवत आणि म्हणत, "लिहा गुरुजी, अजून माणसं जमली नाहीत."

बाटली त्यांच्या घरात देवाशेजारच्या कोनाड्यात उभी होती. दसऱ्याला खेचराच्या लगामाबरोबर तिची पूजा होई. हळद, कुंकू, आपट्याची पाने. बाटली आडवी ठेवावी, बूच ओले राहावे, असे नातीने एका पत्रात स्पष्ट लिहिले होते. मी ते दोनदा वाचून दाखवले. मामाजींना ते पटले नाही. "गुरुजी, आपल्या इथं आडवी राह्यते ती रिकामी बाटली, नाहीतर पिणारा माणूस. देवापाशी कोणाले आडवं करता काय?" मी पुस्तकी माणूस; देवाचे नाव निघाल्यावर पत्राची घडी घातली. बाटली उभीच राहिली, आणि तिरोड्याच्या उन्हाळ्यात तिने बारा वर्षे काढली.

मामाजींचे म्हणणे मी पुष्कळदा ऐकले आहे. "दारू माणसाले पाडत नाही, गुरुजी. लपणं पाडते. त्यायच्या घरी सासू सुनेच्या समोर पिते, मग कोण किती पिऊन रायलं ते सगळ्यायले दिसते." आमच्याकडची रीत वेगळी होती. जंगलपट्टीतली माणसे मोहाची उघड पीत, म्हणून ती दारूडी ठरत. गावातली प्रतिष्ठित मंडळी मागल्या खोलीत कडी लावून पीत, म्हणून ती प्रतिष्ठित राहत. आमच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. त्यांच्या घरी संध्याकाळी औषध म्हणून काय येते, हे ते आणणाऱ्या टांगेवाल्यापासून सगळ्यांना माहीत होते. मामाजी जी माणसे जमवू पाहत होते ती ही. प्रत्येक जण एकेकट्याने बाटली मागत असे. सोबत बसायला कोणी तयार नव्हते.

मग एका फाल्गुनात दोन बातम्या एकदमच आल्या. नातीचे पत्र आले की आजोबा गेले. तळघर झाले होते, पहिल्या हंगामाची वाइन पिंपात होती, ती चाखायला ते राहिले नाहीत. पत्र ऐकून मामाजी उठले, वाचनालयाच्या दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. "म्हणजे चव त्यानंही नाही घेतली," एवढेच म्हणाले. दुसरी बातमी समितीने दवंडी पिटून दिली. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून जो येणार येणार म्हणत होतो तो दारूबंदीचा कायदा पुढच्या महिन्यापासून लागू होणार होता. घरात बाटली सापडली तरी गुन्हा. चौकीदाराची नोकरी जायला तेवढे पुरले असते.

"आता जमवावंच लागते," मामाजी म्हणाले. चार दिवस ते घरोघर फिरले, पिएत्रो फिरला होता तसे. मी सोबत होतो. एका भातगिरणीवाल्याने विचारले, "अन् उइके बुवाही बसल काय पंगतीत?" उइके बुवा डेपोवर ओंडके चढवणारे म्हातारे गोंड, मामाजींचे खरे स्नेही.

"बसल ना. काऊन नाही बसल?"

"मग आमी कायले येऊ?"

"भाऊ, मी त्या बुढ्ढ्याच्या टेबलाशी दोन महिने जेवलो. मी त्याच्या कोणत्या जातीचा होतो?"

गिरणीवाल्याने पान लावायला घेतले. वकीलसाहेब मात्र फार गोड बोलले. "देखो चौकीदार, ये पंगत-बिंगत करू नको, बदनामी होईल. बाटली माझ्याकडे पाठवून दे. मैं देख लूंगा."

"एकट्यानं नाही, असं देणाऱ्यानं बजावलं हाय साहेब."

"कानून पहिली तारीख से है," साहेब म्हणाले, आणि गोड बोलणे संपले.

शेवटच्या रविवारी दुपारी मामाजींच्या ओसरीवर आम्ही तिघे बसलो: मामाजी, उइके बुवा आणि मी. भात, वरण, वांग्याची भाजी. मामीजी वाढायला उभ्या होत्या. मामाजींनी चौथा पाट मांडला. "बस. तिथं सगळ्या बसत."

"बाई गं! तुमच्या आधी जेवू?"

"आधी नोको. संगं."

बत्तीस वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदा नवऱ्याच्या पंगतीला बसल्या, आणि सगळा वेळ भाताकडे पाहत राहिल्या. बूच वाळून भुगा झाले होते. ते मामाजींनी चाकूने उकरले. पेल्यांत घोट घोट ओतले. मामाजी पेला उचलणार तेवढ्यात उइके बुवांनी हात धरला. मोहाची असो की आणखी कशाची, आधी गेलेल्यांना दिल्याशिवाय ते पीत नसत. "बुढ्ढ्याचं नाव काय होतं?" त्यांनी विचारले, आणि आपल्या पेल्यातले थेंब सारवलेल्या जमिनीवर सोडले. "घे गा, पिएत्रो."

मग आम्ही प्यालो. माझे डोळे मिटले, कानशिले ताठरली. वाइन अशीच असते, अशी मी समजूत करून घेतली; पुस्तकांत तिचे एवढे वर्णन असते तर दोष माझ्या जिभेचाच असणार. मामाजींनी घोट गिळला आणि पेला खाली ठेवला. आईला दिलेला शब्द त्यांनी त्या घोटापायी मोडला होता. उइके बुवांना मात्र पुस्तकांचा अडथळा नव्हता. त्यांनी ओठ पुसले आणि सांगितले, "मामाजी, हे आंबलं. बहुत दिवसापयलेच आंबलं."

मामाजी बाटलीकडे पाहत राहिले. मग हसले. "बरोबर हाय. उभं राहू राहू कोणीही आंबते."

मी कागद काढला. नातीला कळवायचे होते. त्यांनी मान हलवली. "तीन माणसं अन् एक बायको, याले जमणं म्हणत नाही, गुरुजी. लिहू नोका."

मामीजींनी बाटलीत उरलेले एका बरणीत ओतून, तोंड बांधून चुलीमागे ठेवले. आंबलेले टाकून द्यायची त्या घराची रीत नव्हती. कैऱ्या आल्या तेव्हा त्याच बरणीत त्यांनी लोणचे घातले. कायद्याची हद्द बाटलीपाशी संपत होती. बरणी हुंगायला कोणी आले नाही.

त्याच वर्षी धानाची कापणी चालू असताना मामाजी गेले. डेपोच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेले, कोणाला काही सांगत असतानाच. ऐकणारा म्हणे की गोष्ट खेचराच्या लाथेपर्यंत आली होती.

तेरवीला सारा गाव आला. जिवंतपणी ज्याच्या पंगतीला कोणी आले नाही त्याच्या तेरवीला न येणे वाईट दिसले असते. गिरणीवाले आले, वकीलसाहेब आले, समिती पूर्ण आली. मामीजींनी पांढरे लुगडे सावरत स्वतः पाट दाखवले, आणि उइके बुवांना वकीलसाहेबांच्या शेजारी बसवले. त्या दिवशी त्यांना नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. वाढप सुरू झाले. वकीलसाहेबांनी लोणच्याची फोड चाखली, थांबले, आणखी मागितली. "वहिनी, लोणचं वेगळंच लागून राहिलं. काय टाकलं?"

"यायच्या दोस्ताकडचं होतं थोडं," मामीजी म्हणाल्या आणि पुढे वाढत गेल्या. उइके बुवांनी मान खाली घातली. त्यांच्या पानावरची फोड त्यांनी आधीच थोडी मोडून जमिनीवर ठेवली होती.

पंगतीच्या शेवटापर्यंत वाढून झाल्यावर मामीजी माझ्याजवळ आल्या. हातातली बरणी रिकामी होती.

"गुरुजी, बुढ्ढ्याच्या नातीले पत्र लिहा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणा, माणसं जमली."